कांती आणि सावली

माणसाने आपल्या कातडीचे काय काय केले याचा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही. राजांनी किल्ले बांधले, पंडितांनी ग्रंथ रचले, व्यापाऱ्यांनी पेठा वसविल्या. या सर्वांची दप्तरे आहेत. परंतु याच राजांनी, पंडितांनी आणि व्यापाऱ्यांनी अंगाला काय फासले, डोक्यावर काय धरले आणि आपल्या लेकीसुनांना तोंडाला काय लावायला दिले, याची नोंद इकडेतिकडे विखुरलेली आहे. दिवाळीत उटण्याची आठवण सर्वांना होते आणि भाऊबीज सरली की ते वर्षभरासाठी मागे पडते. म्हणून याच दिवसांत हा विषय काढलेला बरा. त्यातून मी कोल्हापूरचा, आणि या विषयाचे जवळजवळ सगळे धागे कोल्हापूरच्या पेठांतून, तालमींतून, नाटकगृहांतून आणि उसाच्या फडांतून गेलेले मला दिसतात.

या इतिहासात दोन हेतू प्रथमपासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक कांतीचा, म्हणजे कातडी सुंदर दिसावी हा. आणि दुसरा सावलीचा, म्हणजे कातडी सुखरूप राहावी हा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या वेळी कोल्हापुरात चालुक्यांचा मांडलिक शिलाहार गंडरादित्य राज्य करीत होता, तेव्हा हा ग्रंथ आपल्या अंगणातलाच म्हणायला हरकत नाही. त्यात राजाच्या उपभोगांची जी मालिका आहे तिच्यात स्नान, अभ्यंग आणि विलेपन यांना जशी जागा आहे तशी छत्रालाही आहे. अंगाला लावायची उटी आणि डोक्यावर धरायची छत्री एकाच यादीत! पुढच्या काळात मात्र या दोघांची फारकत झाली. उटीचा पसारा वाढत वाढत बाजार झाला आणि छत्री कोपऱ्यात पडली. ही फारकत कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हेच मला येथे सांगायचे आहे.

आपल्या वैद्यांनी कातडीकडे बारकाईने पाहिले होते. सुश्रुताने तिचे सात थर सांगितले आणि पहिल्या थराला ‘अवभासिनी’ असे नाव दिले. वर्ण उजळ की सावळा हे जिच्यातून प्रकट होते ती. त्यानेच क्षुद्ररोगांत ‘व्यंग’ नावाचा एक विकार नोंदला आहे. तोंडावर उठणारे, न दुखणारे, पातळ, सावळे मंडल असे त्याचे वर्णन. हाच शब्द झिजून मराठीत ‘वांग’ झाला. गालफडांवर, कपाळावर आणि नाकाच्या दांड्यावर तपकिरी छटा पसरलेली बाई पाहिली की आपल्या आज्या म्हणत, ‘तिला वांग आलाय.’ सुश्रुताने याची कारणे क्रोध आणि श्रम अशी दिली आहेत. उन्हाचे नाव त्यात नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की वांगाला बाळंतपण, शरीरातील रसांचे फेरफार आणि अनुवंश ही कारणे असली तरी त्याला खतपाणी घालते ते ऊनच. ‘श्रम’ हे कारण मात्र मला फार सूचक वाटते. श्रम करणारी बाई उन्हातच असते. कारण हुकले असले तरी रोगी ओळखायला वैद्य चुकलेला नाही.

हा वांग नीट ध्यानात ठेवावा. पुढे आपल्या बाजारात जी जी मलमे आणि क्रीमे खपली, त्यांतली कितीतरी याच डागापायी खपली.

आता कोल्हापूरच्या उन्हाविषयी. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेसतरा अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ऑगस्टातली सावली बहुधा ढगात हरवते; मेमधली मात्र कोणालाही पाहता येते. परंतु मौज पुढेच आहे. डिसेंबरच्या अखेरीस, सूर्य अगदी दक्षिणेला गेलेला असतानाही, कोल्हापूरच्या माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो. लंडनकराला एवढा उंच सूर्य पाहायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडावा लागतो. त्वचेचे वैद्य एक साधा नियम सांगतात: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन बाधते. पन्नास अंशांच्या सूर्याखाली साडेपाच फुटी माणसाची सावली साडेचार फुटांच्या थोडी वरच भरते. म्हणजे ज्या दिवशी भर दुपारी सावली माणसाहून लांब पडेल असा एकही दिवस आमच्या पंचांगात नाही. थंडीत ऊन उबदार लागते म्हणून ते निरुपद्रवी असते असे नव्हे. उष्णता निराळी आणि कातडी भाजणारे किरण निराळे.

हे निराळेपण १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रथम दाखविले. प्रकाशाच्या पट्ट्यात जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी ठेवलेले चांदीचे क्षार सर्वांत लवकर काळे पडतात, हे त्याने पाहिले. हेच जंबुपार किरण. त्यांतले आखूड लहरींचे किरण कातडी लाल करतात, भाजतात. लांब लहरींचे किरण आणखी खोल जातात, खिडकीच्या काचेतूनही येतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू सुरकुत्या व डाग पाडतात.

आमच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात हे शास्त्र जणू मूर्तिमंत पाहायला मिळते. देवी पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ या तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांना, मग कमरेला आणि अखेर मुखाला स्पर्श करतात. वाटेतल्या इमारती आणि आकाशातले ढग आड आले नाहीत तर हा सोहळा डोळे भरून पाहता येतो. त्या वेळचा सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो. त्याच्या किरणांना वातावरणाचा फार जाड थर ओलांडून यावे लागते आणि त्या वाटेत भाजणारे किरण जवळजवळ गळून जातात; उरते ते तांबूस सोने. आपल्या संध्या, अर्घ्य, सूर्यनमस्कार हे सारे उगवतीच्या आणि मावळतीच्या सूर्याशी जोडलेले आहेत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा गावोगाव प्रसार केला तोही पहाटेच्या व्यायामाचा. ऊन हे काही माणसाचे वैरी नव्हे. हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कातडीत उन्हानेच तयार होते आणि सावळ्या कातडीला त्यासाठी गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो. उन्हाशी मैत्री ठेवावी, पण त्याच्याही रागाची वेळ ओळखून असावे.

ही वेळ आमच्या शेतकऱ्याने पुस्तकांवाचून ओळखली होती. त्याचे उत्तर लेपात नव्हते, कापडात होते. कित्येक वार लांबीचा फेटा हा काही नुसता मानाचा पोशाख नव्हे. पदरावर पदर घेऊन बांधलेले ते डोक्याचे छप्पर आहे. बायकांच्या डोक्यावरचा पदर हा मर्यादेचा म्हणून सांगितला जातो आणि त्यामागे बायकांवरचे बंधनही होतेच. पण रानात तोच पदर कपाळ आणि गाल झाकीत असे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड किरणांना चांगले अडवते. विरळ, पांढरे आणि घामाने भिजलेले कापड तितके अडवीत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावाने साऱ्या मुलखाला कापड पुरविले. त्या कापडाने लाजेबरोबर कातडीही राखली, हे आपण विसरू नये.

दिवाळी झाली की आमच्या भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्या टोळीतल्या बायका लुगड्यावर पुरुषी, लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला कापड गुंडाळून घेतात. उसाची पात सुरीसारखी कापते, तिच्यासाठी हा सदरा; पण तो उन्हालाही अडवतो. हंगाम थंडीचा असला तरी दुपारची सावली आखूडच, हे वर आलेच आहे. पुण्यामुंबईच्या आणि आमच्या राजारामपुरीतल्या मुली दुचाकीवर बसताना तोंडाला ओढणी गुंडाळतात आणि अंगात ‘सनकोट’ चढवितात. त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्या ऊसतोडीच्या बायांच्या शहरातल्या बहिणी वाटतात.

साहेबाने याच उन्हाचा फार मोठा बाऊ केला होता. भेंडाच्या गाभ्याची सोला टोपी तर त्याने घातलीच. पण उन्हातले अदृश्य किरण पाठीच्या कण्यातून शिरून मेंदू बिघडवितात अशा समजुतीने तो पाठीवर जाड कापडाची गादीही बांधू लागला. १९०५ साली चार्ल्स वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टराने उष्ण देशांतील प्रकाश गोऱ्या माणसाला मारतो असा ग्रंथच लिहिला. त्यावर विश्वास ठेवून अमेरिकी लष्कराने फिलिपिन्समध्ये सैनिकांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहिली. १९१० साली निष्कर्ष निघाला की त्यांचा काही उपयोग नाही. उलट सैनिकांना अधिक उकडले. भीतीसुद्धा मोजमापाने घ्यावी लागते, नाहीतर माणूस तांबडी बनियन घालून घामाघूम होतो!

कापडानंतर माती. शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपात रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारविले. १९१२ साली ते पूर्ण झाले. या मैदानाच्या आणि गंगावेस, मोतीबाग अशा तालमींच्या हौद्यातली माती ही नुसती माती नसते. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर आणि काव घालून ती मळलेली असते. पैलवान ती अंगाला घोळवून घेतो आणि नंतर स्वच्छ अंघोळ करतो. यातली काव म्हणजे लोहाचे तांबडे भस्म. आफ्रिकेत नामिबियातल्या हिंबा स्त्रिया अशीच तांबडी माती लोण्यात कालवून अंगाला फासतात आणि तिने ऊन अडते असे अभ्यासकांना आढळले आहे. आजच्या वैद्यांनी वांगासाठी सांगितलेल्या रंगीत सनस्क्रीनमध्ये हीच लोहाची ऑक्साइडे असतात. कारण वांग जंबुपार किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश अडवायला हा गेरूचा रंग उपयोगी पडतो. तालमीत काव घालणाऱ्याच्या मनात यातले काही नव्हते. परंतु जुन्या सवयींत कधी कधी असे शहाणपण नकळत दडलेले असते.

नकळत दडलेला धोकाही असतो, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. ‘घरचे ते निर्धोक’ ही समजूत खरी नाही. लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि मागे काळे डाग राहतात. त्या रसातले एक द्रव्य उन्हात पेटून उठते. बावचीचे तसेच आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसविण्याचा उपाय आयुर्वेदात फार जुना आहे आणि १९७४ साली पाश्चात्त्य वैद्यांनी जी ‘पुवा’ चिकित्सा प्रस्थापित केली तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पण बेताने दिले तर औषध, बेतालपणे लावले तर फोड. उटण्यातली आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन ही सोज्वळ मंडळी आहेत. तरी तीसुद्धा एखाद्याच्या कातडीला मानवत नाहीत. त्यातून बाजारची हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा पिवळा क्षार मिसळणारे महाभाग असतातच.

शिसे म्हटले की मला नाटकवाल्यांची रंगपेटी आठवते. कोल्हापूर हे केशवराव भोसल्यांचे गाव. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत होरपळले तेव्हा साऱ्या गावाच्या डोळ्यांत पाणी आले. त्या रंगभूमीवर, आणि त्याआधी तमाशाच्या फडात व दशावतारी खेळात, नटांची तोंडे रंगत ती सफेता, पिवडी, हिंगूळ आणि काजळ यांनी. जुना सफेता हा शिशाचा. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा आणि गंधकाचा संयोग. युरोपातल्या उमरावांच्या बायकाही शिशाचाच सफेता फाशीत, आणि तो पोटात व रक्तात जाऊन माणसाला पोखरी. पुढे जस्ताचा सफेता आला. दोन्ही पांढरे, दोन्ही बोटाला सारखेच मऊ. पण एक विष आणि दुसरा, आजच्या शास्त्राप्रमाणे, उन्हाविरुद्धची एक उत्तम ढाल! आजच्या कित्येक सनस्क्रीनांत हेच जस्ताचे ऑक्साइड असते. नुसता रंग पाहून पदार्थाची पारख करू नये, याला यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

मग चित्रपट आला. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा बनविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. तेव्हाचे चित्रण उन्हातच होई; सूर्य हाच दिवा. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. गव्हाळ, उन्हात रापलेला चेहरा पडद्यावर काळाकुट्ट उमटे आणि ओठ काळे दिसत. म्हणून नटनट्यांना फिकट रंग थापून उभे करावे लागे. १९२९ साली याच कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली; तोवर सर्व रंगांना ओळखणारी नवी फिल्मही जगभर रूढ होत होती. फिल्मचा दोष गेला, पण पडद्यावरच्या पांढऱ्या चेहऱ्याची मोहिनी राहिली. प्रेक्षकाला काय ठाऊक की तो उजळपणा निम्मा रसायनाच्या आंधळेपणाचा होता!

ती मोहिनी बाटलीत भरून विकणारेही आले. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ काढला. अफगाणिस्तानच्या राजाने तो पाहून आपल्या देशातल्या बर्फाची आठवण काढली, अशी त्याच्या नावाची हकीकत सांगतात. हा स्नो म्हणजे काय? स्टिअरिक आम्ल थोड्या क्षाराने साबणवून पाण्यात घुसळलेले, वर ग्लिसरीन आणि सुवास. तोंडाला लावला की तो ‘विरून’ जातो आणि मागे एक मऊ, फिकट झाक उरते. ऊन अडविण्याचा गुण त्यात नव्हता. पण अपायही बेताचाच. कित्येक मध्यमवर्गीय घरांत आरशाखालच्या फळीवर त्या बरणीला मानाची जागा होती. १९५२ साली टाटांची ‘लॅक्मे’ आली. त्याच साली केशव पेंढारकरांनी ‘विको’ सुरू केली आणि पुढे तिच्या हळदीच्या क्रीमने घरोघर प्रवेश मिळविला. हे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा वाद अबकारी करापायी कित्येक वर्षे न्यायालयांत चालला आणि कंपनीच्या बाजूने लागला. वाद कराचा असला तरी प्रश्न खोल होता. औषध आणि शृंगार यांच्यामधली रेघ कोठे मारायची?

सरकारलाही तो प्रश्न पडला होता. १९४० चा कायदा मुळात औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली आणि १९६४ पासून ती अमलात आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची सतरा वर्षे तोंडाला लावायच्या वस्तूंवर या कायद्याची नजर नव्हती. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले आणि गोरेपणा हे उघड उघड विक्रीचे नाव झाले. २०२० साली कंपनीने त्यातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलले, विवाहाच्या जाहिरातीतली ‘गोरी’ मात्र बदलली असे म्हणवत नाही.

गंमत अशी की आपण गोरे होण्याच्या मागे असताना गोरे लोक काळे होण्याच्या मागे लागले होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला प्रकाशाने कातडीचा क्षय बरा केल्याबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग आरोग्यधामांत उन्हात निजविणे सुरू झाले आणि १९२० नंतर रापलेली कातडी ही चैनीची खूण ठरली. कातडी भाजू लागली तेव्हा मलमे निघाली. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटरला १९३८ साली पीझ बुइन शिखर चढताना उन्हाने भाजले. त्याने १९४६ साली आपले मलम बाजारात आणले आणि ऊन किती पटीने अडते हे मोजण्याच्या ‘एस.पी.एफ.’ या मापाचे श्रेय त्याच्याकडे १९६२ पासून जाते. आपल्या कातडीतील काळा रंग हे निसर्गाचे स्वतःचे मलम आहे. म्हणूनच त्वचेचा कर्करोग आपल्यात गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी. परंतु हा रंगच उन्हाने बिथरतो आणि वांग, काळे डाग, काळवंडलेले ओठ ही आपली दुखणी होतात. ज्यांच्या अंगावर कोड आहे किंवा जे जन्मतः वर्णहीन आहेत, त्यांच्या पाठीशी मात्र हे नैसर्गिक कवच नसते. त्यांनी ऊन फारच जपले पाहिजे.

आता या इतिहासातला दुःखद भाग. वांग घालविण्याच्या आणि उजळ होण्याच्या या हौसेत दोन शत्रू शिरले. पहिला पारा. पारा कातडीत रंग तयार करणाऱ्या द्रव्याचे काम बंद पाडतो, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत तोंड खरेच उजळते. पण तो कातडीतून आत मुरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एका घराची हकीकत वृत्तपत्रांत आली. आई आणि दोन मुली, तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा तिघी वापरीत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी असे क्रीम लावल्याचे सांगितले. क्रीम सोडल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला, एवढेच समाधान. २०१३ साली झालेल्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. साध्या क्रीमात पारा मुद्दाम घालायला आपल्या नियमांत परवानगी नाही. पण चोरवाटेने येणाऱ्या, कर्त्याचे नावगाव नसलेल्या डब्या नियम वाचून येत नाहीत.

दुसरा शत्रू स्टेरॉइड. हे औषध १९५२ पासून त्वचारोगांवर वरदान ठरले. पण तेच गोरे करणारे क्रीम म्हणून दुकानातून चिठ्ठीवाचून घेतले जाऊ लागले. पहिले काही दिवस तोंड नितळ दिसते. मग कातडी विड्याच्या पानासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव उगवते. आणि सोडावे तर आग आग होते. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. मनाई कागदावर आहे. ‘माझ्या बहिणीला याने गुण आला’ हा सल्ला मात्र अजून चिठ्ठीवाचूनच मिळतो.

मग सामान्य गृहस्थाने करावे काय? मला या साऱ्या इतिहासातून निघणारे उत्तर फार साधे वाटते. डबी घेताना तिच्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी आहे की नाही ते पाहावे. यादी नसेल तर डबी खाली ठेवावी. आठ दिवसांत गोरे करण्याचे वचन देणारी वस्तू आपल्या घरी आणू नये, कारण आठ दिवसांत ते काम करणारी द्रव्ये कोणती हे आपण वर पाहिलेच. नवी वस्तू आधी कोपराच्या आत चार-पाच दिवस लावून पाहावी. सनस्क्रीन घ्यायचे तर एस.पी.एफ. ३० चे, दोन्ही प्रकारचे किरण अडविणारे घ्यावे. पंधराचे ९३ टक्के, तिसाचे ९७ टक्के आणि पन्नासाचे ९८ टक्के भाजणारे किरण अडविते. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ थोडा. खरी मेख प्रमाणात आहे. हे आकडे मोजताना जेवढा थर देतात त्याच्या निम्मासुद्धा आपण लावीत नाही. तोंड आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढे मलम लागते आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते.

इतके मलम दररोज कोणाला परवडते? फडातल्या मजूर बाईला खासच नाही. तिच्यासाठी, आणि खरे तर आपल्या सर्वांसाठी, पहिले औषध छत्र हेच आहे: घट्ट विणीचे कापड, रुंद काठाची टोपी, झाडाची सावली आणि दुपारची विश्रांती. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळातले काम मागेपुढे करता आले तर करावे. जो मुकादम फडाच्या कडेला एक ताडपत्री बांधून देतो तो शंभर डब्यांहून अधिक पुण्य जोडतो. शाळेच्या पटांगणात भर बारा वाजता मुलांना उभे करणाऱ्या गुरुजींनी त्या मुलांच्या पायाशी किती सावली पडली आहे एवढे जरी पाहिले तरी पुरे.

सोमेश्वराने एकाच यादीत घातलेल्या त्या दोन गोष्टी आपण पुन्हा एकत्र आणायला हव्यात. कांती हवी असे वाटण्यात पाप नाही. आंघोळ, तेल, सुवास यांत माणसाच्या जगण्याचा एक रसरशीत आनंद आहे. परंतु जिला आपण डाग म्हणतो ती पुष्कळदा श्रमाची आणि उन्हाची नोंद असते, आणि ज्याला आपण काळेपणा म्हणतो ते या मुलखातल्या उन्हासाठी निसर्गाने घालून दिलेले वस्त्र असते. ते वस्त्र खरवडून काढण्यासाठी घरातल्या मुलीच्या हाती पाऱ्याची डबी देणे आणि तिच्या डोक्यावर सावली धरणे, यांतली निवड करायला शास्त्राचे मोठे ज्ञान लागत नाही. आमच्या आज्यांना वांगाचे कारण माहीत नव्हते. पण दुपारी बाहेर निघालेल्या नातीला ‘पदर घे गं डोक्यावरून’ असे त्या हाक मारून सांगत. तेवढा एक उपाय त्यांनी अचूक सांगितला होता, आणि त्याला पैसाही पडत नव्हता.